हजार जणांच्या ग्रुपची ॲडमिन: हाती घेण्यापासून सोपवण्यापर्यंत

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या आईवडिलांची, जोडीदाराची, सासूसासऱ्यांची घरी देखभाल करणाऱ्यांचा एक मोठा चॅट ग्रुप आहे. डिसेंबर २०२२ मध्ये मी त्याची ॲडमिन झाले आणि जुलै २०२४ मध्ये ते काम नव्या मंडळींकडे सोपवलं. सुरुवातीला या कामाविषयी काही वाचायला मिळतं का ते मी खूप शोधलं. कुठलं सेटिंग कुठे असतं एवढं सापडायचं. पण रात्री अकराला दोन माणसं एकमेकांवर तुटून पडली आहेत आणि शेकडो जण ते वाचताहेत, अशा वेळी पहिला मेसेज कुणाला करायचा आणि त्यात काय लिहायचं, हे कुठेच मिळालं नाही. म्हणून जे जसं घडलं तसं क्रमाने लिहिते आहे. कुणाची ओळख पटू नये यासाठी प्रसंगांतले तपशील बदलले आहेत.

ग्रुप व्हॉट्सॲपवर होता. मी साधी सदस्य म्हणून आले तेव्हा व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये २५६ जणच मावत. ग्रुप कायम भरलेला असायचा. कुणी बाहेर पडलं की यादीतल्या पुढच्याला आत घ्यायचं. २०२२ मध्ये ही मर्यादा आधी ५१२ झाली आणि नोव्हेंबरमध्ये १०२४. ताटकळलेले सगळे एकदम आत आले. ज्या ताईंनी ग्रुप सुरू केला होता त्यांच्या स्वतःच्या वडिलांची तब्येत तेव्हा फार ढासळली होती, त्यांना हे झेपणं शक्य नव्हतं. त्यांनी मला आणि आणखी दोघांना विचारलं. मी थोडे दिवस मागून घेतले आणि एका अटीवर हो म्हटलं: ॲडमिन कोण आहेत आणि ते काय काय करू शकतात, हे ग्रुपमध्ये उघडपणे सांगायचं.

पहिले काही आठवडे मी फक्त वाचत होते. नव्याने ॲडमिन होणाऱ्यांना माझं हेच पहिलं सांगणं आहे: महिनाभर कशालाही हात लावू नका, वाचा. लहान ग्रुपमध्ये कुणाची आई कुठल्या टप्प्यात आहे, कुणाचे वडील रात्री घराबाहेर पडतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे एखादा कडक शब्दही पोटात घातला जायचा. हजारांच्या ग्रुपमध्ये तीसचाळीस जण बोलतात, बाकीचे वाचतात. बोलणाऱ्याला समोर एकच माणूस दिसत असतो, पण माघार घ्यायची झाली की हजार जण दिसू लागतात. चार भिंतींत "जाऊ द्या, माझंच चुकलं" म्हणणारी माणसं इथे हट्टाला पेटतात ती यामुळे. दुसरं लक्षात आलं ते वेळेचं. बहुतेक भांडणं रात्री दहानंतरची होती. दिवसभराचं करून, पेशंटला झोपवून माणूस फोन हातात घेतो तेव्हा त्याच्यात त्राण उरलेलं नसतं.

जानेवारी २०२३ मध्ये पहिला मोठा भडका उडाला. एका सदस्येने लिहिलं की सासूबाईंना देखभाल केंद्रात ठेवलंय, पहिल्यांदाच सलग सहा तास झोपले. त्यावर एका ज्येष्ठ सदस्यांनी लिहिलं, "आम्ही सगळं घरीच केलं. माणसं ही टाकायची वस्तू नव्हे." शब्दाने शब्द वाढत गेला आणि अर्ध्या तासात शंभरेक मेसेज आले. कुणी तिची बाजू घेतली, कुणी त्या ज्येष्ठ काकांची. एकाने कुठल्याशा केंद्रातल्या मारहाणीचा व्हिडिओ फॉरवर्ड केला. या सगळ्यात ती बाई ग्रुप सोडून गेली होती. २०२२ च्या बदलानंतर कुणी व्हॉट्सॲप ग्रुप सोडला की त्याची सूचना फक्त ॲडमिनला मिळते. त्यामुळे बाकीच्यांना ती गेल्याचा पत्ताच नव्हता आणि तिच्यावरून भांडण चालूच राहिलं. पडद्यावर ती एक करडी ओळ मला दिसत होती, दुसऱ्या कुणालाही नाही. त्या रात्री मला फार एकटं वाटलं.

आम्ही ग्रुप 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात' यावर टाकला. त्याआधी हा मेसेज टाकला: "ग्रुप सकाळी नऊपर्यंत बंद ठेवत आहोत. कुणावरही कारवाई केलेली नाही. सकाळी नऊला उघडेल, तेव्हा या विषयावर नव्हे, रोजच्या प्रश्नांवर बोलू." यातली उघडण्याची वेळ फार महत्त्वाची आहे. वेळ न सांगता ग्रुप बंद केला की लोकांना तोंड दाबल्यासारखं वाटतं आणि तोच वाद खासगी मेसेजमध्ये दुप्पट जोराने सुरू होतो. आणि जी वेळ सांगितली ती पाळायचीच. नऊ म्हणजे नऊ.

सकाळी मी आधी त्या बाईंना फोन केला. त्या परत यायला तयार नव्हत्या. मी आग्रह केला नाही, फक्त विचारपूस केली आणि हवं तेव्हा या म्हटलं. मग काकांना खासगीत लिहिलं.

"काका, तुम्ही आईंचं सगळं घरी केलंत ते आम्ही रोज वाचत आलोय. रात्री फार राग आला होता का?"

बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. मग उत्तर आलं. त्यांचा धाकटा भाऊ आईला केंद्रात ठेवू या म्हणत होता, खर्च मी करतो म्हणत होता, आणि आठ वर्षं रात्रंदिवस केलेल्याचं हेच फळ का, असं काकांना वाटत होतं. त्या बाईंशी त्यांचं खरं तर काहीच नव्हतं. शेवटी त्यांनी विचारलं, "मग आता काय करू? सगळ्यांसमोर माफी मागू?"

"नको काका. तो एक मेसेज तुम्हीच काढून टाका, बस."

त्यांनी काढला. व्हॉट्सॲपवर आपला मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो, तेवढ्यात हे जमलं. ॲडमिनलाही दुसऱ्याचा मेसेज काढता येतो, पण तिथे 'अमुक ॲडमिनने डिलीट केला' असं सगळ्यांना दिसतं आणि त्या माणसाला हजार जणांपुढे खाली पाहावं लागतं. त्या प्रसंगापासून आमची पद्धत ठरून गेली: आधी माणसाला स्वतःहून मागे यायची संधी द्यायची, तीही प्रेक्षकांच्या नजरेआड. लिंक, शिवीगाळ आणि धोकादायक सल्ला यांना मात्र ही सवलत नाही, ते लगेच काढायचं.

फेब्रुवारीत नियम लिहायला बसलो. पहिल्या खर्ड्यात वीसबावीस कलमं झाली होती, ती कुणी वाचली नसती. कापत कापत सातावर आणली. गुड मॉर्निंगची चित्रं, राजकारण, विक्री नको, हे सगळीकडे असतं तसंच. आमच्या कामाचे म्हणजे पुढचे चार. डॉक्टरांनी दिलेलं औषध बंद करा किंवा डोस बदला, असं कुणी सांगायचं नाही. अल्झायमर पूर्ण बरा करणारं औषध नाही, तेव्हा 'हमखास बरा होतो' म्हणणारी पोस्ट काढली जाईल. घरी ठेवायचं की केंद्रात, हा ज्याच्या त्याच्या घरचा निर्णय आहे. अनुभव सांगा, निवाडा नको. आणि पेशंटचा फोटो वा व्हिडिओ टाकायचा नाही. या शेवटच्या नियमावर सगळ्यात जास्त कुरबुर झाली, कारण वागणूक कशी बदलली हे दाखवायला लोक व्हिडिओ टाकत. पण ज्या माणसाला आपण कुठे आहोत हेही कळत नाही, त्याची संमती कुणी घेतली? यावर मी ठाम राहिले. शब्दांत लिहा, शब्दांत सगळं सांगता येतं.

"इतके नियम पाहून नवीन माणूस घाबरून पळेल," असं आमच्यातल्याच एका ॲडमिनचं म्हणणं होतं, आणि ते मला पटतही होतं. तेव्हा शोधताना नेथन मटायस या संशोधकाचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग वाचनात आला. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावरच्या एका विज्ञान समुदायात २,१९० चर्चांवर तो झाला. काही चर्चांच्या माथ्यावर नियम ठळक लावले, काहींवर लावले नाहीत, आणि कुठे लावायचे ते सोडतीने ठरवलं. जिथे लावले तिथे नवख्यांनी नियम पाळण्याचं प्रमाण ८ टक्के बिंदूंहून जास्त वाढलं. शिवाय नवख्यांचं बोलणंही सरासरी ७० टक्क्यांनी वाढलं. नियम दिसले की नव्या माणसाला इथे आपल्यावर कुणी खेकसणार नाही अशी खात्री वाटत असावी, असा अर्थ मी लावला. आमचा वाद मिटला. सातही नियम पोलवर टाकले, दोन शब्द बदलून घेतले आणि ते स्वागताच्या मेसेजमध्ये सर्वांत वर ठेवले.

नियमांसोबत पायऱ्याही लिहिल्या. पहिल्यांदा खासगीत बोलणं. दुसऱ्यांदा मेसेज काढून नियमाचा क्रमांक कळवणं. मग एक दिवस गप्प, मग सात दिवस, आणि शेवटी ग्रुपबाहेर. बाहेर काढलेल्यालाही तीन महिन्यांनी अर्ज करता येईल. अडचण एवढीच की व्हॉट्सॲपच्या आमच्या ग्रुपमध्ये एकाच माणसाला काही काळ गप्प ठेवायची सोय नव्हती. एक तर सगळा ग्रुप बंद करा, नाही तर त्याला काढा. मधली पायरी नसली की छोट्या गुन्ह्याला मोठी शिक्षा होते, नाही तर मोठ्या गुन्ह्याकडे कानाडोळा होतो.

त्यातून टेलिग्रामवर जायचं ठरलं. दुसरं कारण फोन नंबरचं होतं. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसायचा आणि ग्रुपमधल्या बायकांना नको ते मेसेज येत. टेलिग्रामवर नंबर लपवता येतो, सदस्यांची यादीही झाकता येते, आणि मर्यादा दोन लाखांची आहे. एक तोटा मात्र आम्ही सगळ्यांना लेखी कळवला: व्हॉट्सॲपचा ग्रुप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतो (म्हणजे मेसेज ग्रुपमधल्यांशिवाय कुणालाच, कंपनीलाही, वाचता येत नाही), टेलिग्रामचा ग्रुप तसा नसतो, तेव्हा पेशंटचं पूर्ण नाव, रिपोर्ट, बँकेचे कागद तिथे टाकू नका. काहींनी यामुळेच यायला नकार दिला. त्यांचा निर्णय मला चुकीचा वाटला नाही.

स्थलांतराला एप्रिल ते जून २०२३ असे तीन महिने लागले. वयस्कर सदस्यांना ॲप घ्यायला लावणं, नंबर कसा लपवायचा ते फोनवर सांगणं, हे सगळ्यात वेळखाऊ काम होतं. जुना ग्रुप आम्ही बंद केला नाही, फक्त सूचनांपुरता ठेवला. ज्यांना नवीन ॲप जमलंच नाही त्यांचे प्रश्न तिथले स्वयंसेवक इकडे आणून विचारायचे. रोख खर्च म्हणाल तर ॲडमिनच्या कामासाठी घेतलेलं वेगळं सिमकार्ड आणि त्याचं रिचार्ज, एवढाच. हे सिमकार्ड जरूर घ्या. स्वतःच्या रोजच्या नंबरवर हे काम करू नका.

तांत्रिक गोष्टींपैकी कामाच्या तेवढ्या सांगते. सगळ्या ॲडमिननी टू-स्टेप व्हेरिफिकेशन (लॉगिनच्या कोडखेरीज आणखी एक पासवर्ड) लावायचं, अपवाद नाही. एका ॲडमिनचं अकाउंट कुणी पळवलं तर अख्खा ग्रुप जातो. प्रत्येक ॲडमिनला सगळे अधिकार द्यायचे नाहीत: मेसेज काढणं आणि गप्प करणं सगळ्यांना, नवीन ॲडमिन नेमणं फक्त दोघांना. लिंकवर टॅप केलं की थेट प्रवेश न देता विनंती येईल असं ठेवायचं. आणि ग्रुपमध्ये विषयवार टॉपिक करायचे. आमचे पाच होते: प्रश्न, डॉक्टरभेट, मन मोकळं, निरोप आणि सूचना. 'निरोप' हा टॉपिक फार आधी करायला हवा होता असं सगळेच म्हणाले. आमच्या ग्रुपमध्ये मृत्यूच्या बातम्या येतच असतात. एका बातमीखाली श्रद्धांजलीचे दोनशे मेसेज आले की त्याखाली "आई दोन दिवस पाणी पीत नाहीये, काय करू" असा प्रश्न गडप व्हायचा. आता दोन्हींना आपापली जागा मिळाली.

स्लो मोडही वापरून पाहिला. त्यात प्रत्येकाला दोन मेसेजच्या मध्ये ठरावीक वेळ थांबावं लागतं. काही सेकंदांपासून तासापर्यंत दिलेल्या पर्यायांतून ही वेळ निवडता येते. वाद तापला की आम्ही पाच मिनिटं ठेवायचो. एका मिनिटाने काही होत नाही, माणूस तेवढ्या वेळात पुढचा मेसेज लिहून तयार ठेवतो. पाच मिनिटांत मात्र पुष्कळदा तो लिहिलेलं पुसून टाकतो.

टोमण्यांचं काय करायचं, हा प्रश्न शेवटपर्यंत छळत राहिला. कुणीतरी मदतीला बाई मिळाल्याचं आनंदाने सांगतं, खाली कुणी लिहितं, "नशीबवान आहात." हे मनापासून की खोचून? २००५ च्या सुमारास जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी ई-मेलवर यासारखाच प्रयोग केला होता. आपण उपहासाने लिहितोय की मनापासून, हे समोरच्याला ७८ टक्के वेळा कळेल असा लिहिणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ते कळलं सुमारे ५६ टक्के वेळा, म्हणजे छापाकाट्याहून थोडंच बरं. हे वाचल्यापासून आम्ही टोमण्याच्या तक्रारीवर कारवाई करणं सोडलं. लिहिणाऱ्यालाच तिथेच, साध्या शब्दांत विचारायचो, "हे आनंदाने म्हणताय ना?" जवळजवळ दर वेळी "अहो हो, अगदी मनापासून" असंच उत्तर यायचं. ज्याने खरंच खोचून लिहिलेलं असेल त्यालाही ते वाक्य पकडून सुखरूप बाहेर पडता येतं.

लिंक एका ठिकाणी उघडपणे शेअर झाली आणि ऑगस्टमध्ये स्पॅमची लाट आली. गुंतवणुकीच्या योजना, बनावट नोकऱ्या. आम्ही शब्द अडवणारा बॉट (आपोआप काम करणारा प्रोग्राम) लावला, त्यात 'गुंतवणूक' हा शब्दही टाकला. दुसऱ्याच दिवशी एका मुलीचा मेसेज गायब झाला. तिने विचारलं होतं की बाबांनी कुठे कुठे गुंतवणूक केली ते त्यांना आता आठवत नाही, शोधायचं कसं? शब्दांवर बंदी घालण्याचा नाद आम्ही तिथेच सोडला आणि बॉटला एकच काम दिलं: नव्या सदस्याच्या मेसेजमध्ये लिंक असेल तर तो काढून आम्हाला कळवायचं.

त्याहून वाईट म्हणजे खोटे ॲडमिन. आमचं नाव आणि फोटो लावून कुणीतरी सदस्यांना खासगीत पैसे मागू लागलं. आमची तर सगळी पद्धतच खासगीत आधी बोलण्याची, त्यामुळे खऱ्याखोट्याचा प्रश्न उभा राहिला. उपाय असा केला: ॲडमिनची यादी पिन केली, प्रत्येकाच्या नावापुढे हुद्दा लावला, आणि सगळ्यांना सांगितलं की खऱ्या ॲडमिनच्या खासगी मेसेजमध्ये ज्या मेसेजबद्दल बोलायचंय त्याची ग्रुपमधली लिंक असेलच. पैसे किंवा ओटीपी कुणी मागितला तर ते आम्ही नाही. शंका आली तर ग्रुपच्या ॲडमिन यादीतल्या नावावर टॅप करूनच उत्तर द्या.

तोवर आम्ही पाच जण झालो होतो. पाळ्या लावल्या, रात्रीची पाळी करणाऱ्याला सकाळची नाही. रात्री एकट्याने मेसेज काढायचा किंवा गप्प करायचं, कुणाला बाहेर काढायचा निर्णय दोघांनी मिळून आणि सकाळी. एक नोंदवही ठेवली, साधी स्प्रेडशीट: तारीख, मेसेजची लिंक, नियमाचा क्रमांक, काय केलं, कुणी केलं, त्या व्यक्तीला कळवलं का. टेलिग्राममध्ये ॲडमिनच्या कृतींची नोंद आपोआप होते, पण ती ४८ तासच दिसते, म्हणून त्याआधी वहीत उतरवून घ्यायचं. सहा महिन्यांपूर्वीच्या नोंदी पुसायच्या. हे कंटाळवाणं काम आहे आणि पाळीच्या शेवटी अंगावर येतं, तरी ते करा.

नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच वहीने आम्हाला तारलं. एक लोकप्रिय सदस्य, सगळ्यांना धीर देणारा, खासगीत लोकांना एक चूर्ण विकत होता आणि डॉक्टरांचं औषध हळूहळू बंद करा म्हणून सांगत होता. तीन वेगवेगळ्या सदस्यांनी स्क्रीनशॉट पाठवले. त्याच्याशी बोललो, तो मान्य करेना. पुन्हा बोललो. मग नियमाप्रमाणे गप्प केलं. या काळात चौथी तक्रार आली, आणि तिच्यातल्या पेशंटला औषध थांबवल्याने झटके आले होते. आम्ही त्याला काढलं.

त्यानंतरचे दोन आठवडे फार वाईट गेले. त्याला मानणारे बरेच होते. "हुकूमशाही", "डॉक्टरांचे दलाल" असं बरंच काही ऐकून घेतलं. मला रात्री-अपरात्री घाणेरडे मेसेज आले. झोप उडाली, फोनचा आवाज झाला तरी पोटात गोळा यायचा. आम्ही ग्रुपमध्ये त्याचं नाव न घेता एकच निवेदन दिलं: कुठला नियम मोडला गेला, किती तक्रारी आल्या, कुठल्या पायऱ्या झाल्या, निर्णय कुणी घेतला, आणि अर्ज कधी करता येईल. नंतर कुठल्याच वादात उतरलो नाही. स्क्रीनशॉट दाखवा अशी मागणी सतत होत होती. तक्रार करणाऱ्यांना शब्द दिला होता, म्हणून दाखवले नाहीत. काही जण ग्रुप सोडून गेले आणि त्यांनी दुसरा ग्रुप काढला. गेलेल्यांत माझ्या जवळच्या दोघी होत्या. त्याचं दुःख अजून आहे. पण त्या पेशंटच्या मुलाचा मेसेज मी वाचला होता, त्यामुळे निर्णयाबद्दल मनात कधी शंका आली नाही.

त्याने पुन्हा प्रवेशासाठी अर्ज केला नाही. शिवीगाळीसाठी काढलेल्या दुसऱ्या एकाने मात्र तीन महिन्यांनी केला, दोन ओळींचा. आम्ही घेतलं. आज 'प्रश्न' टॉपिकमध्ये रात्री सगळ्यात आधी उत्तर देणाऱ्यांत तो असतो.

फेब्रुवारी २०२४ मधल्या एका रात्रीबद्दल थोडंच लिहिते. 'मन मोकळं'मध्ये एका सदस्याने लिहिलं की आता दोघांनीही संपवून टाकावं असं वाटतं. पाळीवरच्या सहकाऱ्याने त्याच्याशी लगेच खासगीत बोलायला सुरुवात केली, मला उठवलं, आणि मी त्या टॉपिकमध्ये लिहिलं की आम्ही त्यांच्याशी बोलतो आहोत, कृपया इथे सल्ले देऊ नका. यासाठी आमच्याकडे लिहून ठेवलेला क्रम होता आणि प्रत्येक मोठ्या ग्रुपकडे तो असावा. जीव द्यायचा विचार आहे का, असं सरळ विचारायचं. विचारल्याने तो विचार बळावतो हा गैरसमज आहे. आत्ता घरात आणखी कोण आहे ते विचारायचं. जवळच्या एका माणसाचा नंबर मिळवून त्याला फोन करायचा. त्या भागातला आपत्कालीन नंबर द्यायचा. माणूस दुसऱ्या माणसाच्या सोबतीत पोहोचेपर्यंत चॅट सोडायचं नाही. त्या रात्री त्याची बहीण पोहोचली. आपण समुपदेशक नाही हे पाळीवरच्याने लक्षात ठेवायचं, तिथवर पोहोचवण्याचं काम आपलं. आणि नंतर त्या ॲडमिनला सक्तीची सुट्टी द्यायची. आम्ही पंधरा दिवस दिली. त्याला नको होती, तरी दिली.

त्यानंतर मला कळून चुकलं की आता नवी माणसं हवीत. एप्रिलपासून शोध सुरू केला. जे स्वतःहून "मला ॲडमिन करा" म्हणाले त्यांच्यापेक्षा, भांडणात दोन्ही बाजूंचं ऐकून शांतपणे लिहिणारे कोण, ते वहीतून आणि आठवणीतून काढले. चौघांना विचारलं, तिघं तयार झाले. दोन महिने ते आमच्यासोबत पाळ्या करत होते. पहिला महिना फक्त बघायचं आणि आपण असतो तर काय केलं असतं ते ॲडमिनच्या वेगळ्या चॅटमध्ये लिहायचं, दुसऱ्या महिन्यात प्रत्यक्ष करायचं.

टेलिग्रामवर मालकी दुसऱ्याच्या नावे करायची तर आपल्या अकाउंटवर टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावून किमान सात दिवस झालेले असावे लागतात, आणि त्या फोनवर लॉगिन करून किमान चोवीस तास. आमच्या जुन्या ताईंनी मध्यंतरी मालकी माझ्याकडे दिली तेव्हा त्या सात दिवसांसाठी अडून बसलो होतो, म्हणून या वेळी आधीच बघून ठेवलं. पासवर्ड टाकला, नाव निवडलं, झालं. नोंदवही, संकटाच्या वेळचा क्रम, बॉटची चावी आणि सिमकार्ड नव्या टीमला दिलं. महिनाभर त्यांच्या प्रश्नांना उत्तरं दिली आणि नंतर ॲडमिनच्या यादीतून माझं नाव काढून घेतलं.

नव्या टीमने सप्टेंबरमध्ये एक प्रस्ताव पोलवर टाकला: रात्री अकरा ते सकाळी सहा 'मन मोकळं' सोडून बाकी सगळे टॉपिक बंद. मी ॲडमिन असताना याला कायम विरोध केला होता, कारण देखभाल करणाऱ्याला प्रश्न विचारायला रात्रच मिळते. साधी सदस्य म्हणून मी माझं म्हणणं एकदा लिहिलं आणि विरोधात मत दिलं. प्रस्ताव मोठ्या फरकाने मंजूर झाला. तातडीचे प्रश्न आता रात्री 'मन मोकळं'मध्ये येतात आणि सकाळी पाळीवरचा ॲडमिन ते 'प्रश्न'मध्ये फॉरवर्ड करतो. तीन महिन्यांनी आढावा घ्यायचं तेव्हा ठरलं.